सिंधूताईच्या हातचं पाणी

नागपूर,
१६ जुलै १९६९

तीर्थरूप बाबा आणि आई,

दोघांना शामलाचा सलाम. एक बातमी सांगायची आहे. मी हुडकेश्वरला जाऊन आले. होय, त्याच घरी.

रविवारी देवळातली उपासना आटोपून परत आले तर दारात एक बाई बसलेली. घोट्यापर्यंत चिखल, हातात कापडी पिशवी. म्हणाली, "रुपरावची घरवाली तूच का वं?" मी हो म्हटलं. ती सिंधूताई, सासूबाईंच्या शेजारची. "रुखमाबाई गोठ्यात घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. मोठ्या दवाखान्यात महिनाभर ठेवलं अन् वापस पाठवून देल्लं. आता पाठ सडून राहिली तिची. तू नर्स हायेस म्हनतात, म्हनून आली."

हे शनिवारचेच खापरखेड्याहून आले होते. आठवडाभर तिथं वीजकेंद्राच्या कॉलनीत राहतात, सुटीला घरी येतात. आतून सगळं ऐकत होते. सिंधूताई गेल्यावर म्हणाले, "मी बाप्तिस्मा घेतला तेव्हा आईनं माझ्या नावानं अंघोळ केली. अकरा वर्षं झाली. मेलेला माणूस भेटीला जात नसतो." आणि पेपर घेऊन बसले. तासभर पान उलटलं नाही.

सोमवारी मी एकटीच गेले. उमरेड रोडवर बस सोडली की पाऊण कोस पायी जावं लागतं. बाबा, चौदा वर्षं मी वॉर्डात काढली आहेत, पण त्या खोलीच्या उंबऱ्यावर माझा पाय अडला. इतका वास होता.

"कोन व्हय?"

"नर्स आहे. शामला."

"रुपाची?"

"हो."

"त्याचं नाव माह्या घरात घेऊ नोको. तो मेला."

"नाही घेणार," मी म्हटलं. "पाठ दाखवा."

त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. मी ती परवानगी समजले. सिंधूताईला हाताशी घेऊन त्यांना कुशीवर वळवलं आणि जखमा धुतल्या. तास लागला. पदर दातात धरून होत्या, हूं की चूं केलं नाही. पट्ट्या बांधून झाल्यावर म्हणाल्या, "पाठीले हात लावला, लावला. माह्या चुलीकडे जाऊ नोको. माठाले शिवू नोको. तुह्या हातचं पानी मी घेनार नाही."

म्हणजे घाण काढायला माझा हात चालतो, पाणी द्यायला चालत नाही! परतीच्या वाटेवर मला हसूही आलं आणि रडूही. रोज सकाळी जायचं ठरवलं आहे. स्वयंपाक आणि पाणी सिंधूताई बघेल. प्रार्थनेत आठवण ठेवा.

तुमची
शामला

---

अचलपूर,
२३ जुलै १९६९

चि. शामला,

तुझं पत्र वाचून मी खुर्चीवरून उठून उभाच राहिलो. तुझी आई म्हणाली, "काय झालं, तार आली का?" मी म्हटलं, तारेहून मोठं आहे.

बाळ, हे दार तू उघडलेलं नाहीस, प्रभूनं उघडलं आहे. अकरा वर्षं बंद असलेलं घर! आता आपलं काम नीट कर. पट्टी बांधून झाली की खाटेशेजारी बसून मोठ्यानं प्रार्थना कर. त्या बाईच्या कानावर पडू दे. सोप्या भाषेत तारणाची गोष्ट सांग. एकदम नको, रोज थोडी.

रविवारी देवळात मी मंडळीला हे जाहीर केलं. महिला मंडळ दर बुधवारी रुखमाबाईंच्या आत्म्यासाठी प्रार्थना करणार आहे. मंडळातल्या रंभाबाईंनी तर उपास धरायचं बोलून टाकलं. चाळीस वर्षं मी प्रेमावर प्रवचनं केली, आणि आज माझीच लेक ते करून दाखवते आहे. ऊर भरून आला.

फळाची वाट पाहतो.

तुझा
बाबा

---

नागपूर,
३० ऑगस्ट १९६९

तीर्थरूप बाबा,

सलाम. तुम्ही सांगितलंत तसं मी केलं, आणि ते सोडूनही दिलं. रागावू नका, आधी ऐका.

पट्टी झाल्यावर डोळे मिटून मी प्रार्थनेला सुरुवात केली. दोन वाक्यं झाली नसतील तोच सासूबाई म्हणाल्या, "काय पुटपुटून राहिली? मले बाटवाले आली का?" मी डोळे उघडले. त्यांनी दोन्ही हातांनी खाटेची कड धरली होती. त्यांना उठून जायचं होतं, बाबा. आणि जाता येत नव्हतं. कूस बदलायची तरी माझाच हात लागतो त्यांना.

तुमचं प्रवचन ज्याला नको असेल तो देवळातून उठून बाहेर जाऊ शकतो. ज्याला खाटेवरून हलता येत नाही, त्याला उपदेश करणं मला जमलं नाही. मी त्यांना शब्द दिला, की तुमच्या घरात मी तोंडानं प्रार्थना करणार नाही. मनातली कोण अडवतो?

आणखी एक. अंगणातली तुळस वाळत चालली होती. पडल्या पडल्या त्यांचं सगळं लक्ष तिकडे. मी सिंधूताईला सांगून रोज सकाळी तिला पाणी घालायला लावते. मी शिवत नाही, त्यांना चालणार नाही. पण पाणी पडलं की नाही ते बघते, आणि "पडलं" म्हणून आत येऊन सांगते. तेव्हा त्यांचा चेहरा थोडा सैल होतो.

कंबरेजवळची मोठी जखम भरत आली आहे. तळाशी लाल मांस दिसतं. आम्हा नर्सेसना याच्याइतकं सुंदर काही दिसत नाही.

माझं काम नेहमीसारखं चालू आहे. काळजी नसावी.

शामला

---

अचलपूर,
१९ सप्टेंबर १९६९

चि. शामला,

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. आईला दोनदाच वाचून दाखवलं. तुळशीचा परिच्छेद मी गाळला होता; तिनं तो मागाहून काढून घेतला.

मी स्पष्ट लिहितो. तोंड बंद ठेवायचं, वर तुळशीला पाणी घालायची व्यवस्था करायची, तर मग तू तिथं जातेस कशासाठी? पाठ धुण्याचं काम कोणीही पगारी बाई करील. बुधवारी रंभाबाईंनी विचारलं, "पाळकसाहेब, काही प्रगती?" मी काय सांगू? जखम भरली म्हणून? मंडळी आत्म्यासाठी गुडघे टेकते आहे, जखमेसाठी नव्हे.

दुसरी गोष्ट. काम नेहमीसारखं चालू आहे असं तू लिहितेस. तुझ्या दवाखान्यातला कंपाउंडर श्रीधर माझा जुना विद्यार्थी आहे, हे विसरलीस. तो लिहितो की वॉर्डाची मुख्य सिस्टर म्हणून तुझं नाव ठरलं होतं आणि तू ते नाकारलंस. कायमची दुपारपाळी मागून घेतलीस, सकाळ मोकळी राहावी म्हणून. चौदा वर्षांच्या नोकरीचं फळ सोडून दिलंस आणि बापाला सांगितलं नाहीस. रुपरावांना तरी सांगितलं आहेस का?

एवढं देतेस ते कशाच्या आशेवर? या प्रेमाला फळ कधी येणार?

बाबा

---

नागपूर,
१२ ऑक्टोबर १९६९

तीर्थरूप बाबा,

सलाम. तुमचं पत्र लागलं. लागायलाच हवं होतं. ह्यांना सांगितलं आहे. ते एवढंच म्हणाले, "तुझी मर्जी." तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही त्या पदाची बातमी अर्ध्या अचलपूरला दिली असतीत आणि मग मला मागे फिरता आलं नसतं.

मी तिथं कशासाठी जाते, हे तुम्ही विचारलंत. त्याचं खरं उत्तर मला दहा दिवसांपूर्वीपर्यंत माहीत नव्हतं.

त्या दिवशी माझी सुटी होती. सिंधूताई भावाकडे गेली होती, उशिरा येणार होती. सासूबाईंना ताप भरला होता, ओठ फुटले होते. डोळे मिटूनच म्हणाल्या, "सिंधू, पानी दे वं." मी दोनदा दाराशी जाऊन वाट पाहिली. मग माठातून गडवा भरला आणि त्यांच्या तोंडाला लावला. घटाघटा प्यायल्या. आणि बाबा, माझ्या मनात कोणता शब्द आला सांगू? जिंकले. ताप उतरावा हे मनात आलं नाही, तहान भागली हे आलं नाही. जिंकले, एवढंच.

दुपारी ताप उतरला. त्यांनी विचारलं, "सिंधू कवा येऊन गेली?"

मला काहीही सांगता आलं असतं. "ती आली नव्हती. पाणी मी दिलं."

आता शिव्या देतील, गडवा फेकतील, अशी तयारी मी केली होती. पण त्या रडल्या. जखमा धुताना न रडलेली बाई तोंडावर पदर घेऊन रडली. "माह्यापाशी राह्यलं काय व्हतं वं? पाय गेले, पोरगा गेला, वावर दुसऱ्याच्या हाती गेलं. एवढंच एक माहं व्हतं."

मी त्यांच्या पायाशी बसले. प्रेमाच्या नावाखाली मी एका असहाय बाईजवळची शेवटची वस्तू काढून घेतली होती. आणि ती घेताना मला आनंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी उपास धरला. सिंधूताईकडून माठ घासून घेतला, नवं पाणी भरून घेतलं. मीही काही खाल्लं नाही. त्यांच्या ते ध्यानात आलं. "तू काहून उपाशी?"

"चूक माझी होती."

"मंग खोटं काहून नाही बोलली? मले काय समजलं असतं?"

"तुम्हाला नसतं समजलं. मला समजलं असतं."

मी निघाले तेव्हा म्हणाल्या, "उद्या लवकर येजो. पाठ दुखून राहिली." तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी मला ये म्हटलं.

तर बाबा, आता मी कशासाठी जाते? त्यांची पाठ दुखते म्हणून जाते. त्यांनी माझ्यासारखं व्हावं म्हणून नाही, मला चांगली म्हणावं म्हणूनही नाही. प्रभूनं माझ्यावर प्रेम केलं तेव्हा काय ठरवून घेतलं होतं? मी अजून शिकते आहे, पण तुम्ही लहानपणी मला मांडीवर घेऊन जे शिकवलंत, ते हेच असावं असं वाटतं. चुकत असेन तर सांगा. पण रंभाबाईंना सांगा, जखमेसाठीही प्रार्थना करा. तीही देवाचीच आहे.

शामला

---

नागपूर,
२० डिसेंबर १९६९

तीर्थरूप बाबा आणि आई,

दोन महिने पत्र नाही. प्रकृती बरी आहे ना? माझं काही फार बोलून झालं असेल तर क्षमा करा. सासूबाईंच्या सगळ्या जखमा भरल्या. आता उशा लावून बसतात. नाताळात तुमच्याकडे येता येणार नाही, सिंधूताईच्या घरी त्याच आठवड्यात लग्न आहे. इथूनच सलाम.

शामला

---

अचलपूर,
५ जानेवारी १९७०

माझी शामला,

प्रकृती बरी आहे. लिहायला बसायचो आणि कागद फाडायचो.

तुझं ऑक्टोबरचं पत्र मी आईला वाचून दाखवत होतो. "एवढंच एक माहं व्हतं" इथं आलो तशी ती उठून आत गेली. परत आली ती डोळे पुसत. म्हणाली, "तुमची आईसुद्धा मनात हेच म्हणाली असेल."

तुला तुझ्या आजीबद्दल मी फारसं सांगितलेलं नाही. ती लवकर वारली, एवढंच तुला माहीत आहे. ते खोटं आहे.

मी एकोणिसाव्या वर्षी प्रभूचा झालो. माझ्या आईनं मला घराबाहेर काढलं नाही. ओसरीवर बसवून जेवू घालायची, वेगळ्या थाळीत. स्वतः वाढायची, शेजारी बसून वारा घालायची, पण थाळी वेगळी. तीन वर्षं मी तसा जेवलो. मग पाळकाच्या परीक्षेत पास झालो आणि मला तो अपमान वाटायला लागला. एक दिवस थाळी सरकवून उठलो. म्हणालो, "घरात घेऊन वाढशील त्या दिवशी येईन."

नऊ वर्षं गेलो नाही. घर इथून सहा मैलांवर होतं. ती गेली तेव्हा मी तरुणांच्या शिबिरात होतो, आणि विषय प्रेमाचाच होता. नंतर बहिणीनं सांगितलं की ती थाळी आई रोज घासून ओसरीच्या कोनाड्यात ठेवत असे. येईन तर असावी म्हणून.

मी तिला अट घातली होती. तिनं मला घातली नव्हती; तिनं फक्त थाळी वेगळी ठेवली होती, आणि ती माझ्यासाठी ठेवली होती. हे कळायला मला सत्तरावं वर्ष लागलं आणि तुझं पत्र लागलं.

तू चुकत नाहीस. सोबत रुपरावांसाठी एक बंद पाकीट आहे. जे तुला लिहिलं तेच त्यांना लिहिलं आहे, थोडं जास्त. वाच म्हणून आग्रह करू नकोस. टेबलावर ठेव.

बुधवारच्या प्रार्थनेत आता जखमेचंही नाव घेतलं जातं. रंभाबाईंना पटलेलं नाही, पण घेतात.

बाबा

---

नागपूर,
१७ मार्च १९७०

प्रिय बाबा, प्रिय आई,

सलाम! आज घाईत लिहिते आहे, अक्षर सांभाळून घ्या.

पाकीट सहा आठवडे टेबलावर होतं. ह्यांनी ते उचलून पुस्तकाखाली ठेवलं, मग कपाटावर ठेवलं, मग पुन्हा टेबलावर आणलं. फेब्रुवारीच्या शेवटी एकदा खापरखेड्याला जाताना खिशात घालून नेलं. त्यानंतरचे दोन शनिवार आमच्यात त्याबद्दल शब्द नाही. परवा रविवारी देवळातून बाहेर पडलो तर म्हणाले, "उमरेड रोडची बस किती वाजता असते?"

आम्ही तीच बस पकडली. घर दिसल्यावर म्हणाले, "तू हो पुढे." आणि अंगणात उन्हात उभे राहिले.

मी आत गेले. सासूबाई उशांना टेकून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. त्यांचे कान फार तिखट आहेत.

"बाहेर कोन हाये?"

मी शब्द दिला होता ना, नाव घेणार नाही म्हणून. मी गप्प राहिले.

"कोन हाये म्हनते मी!"

"ज्याचं नाव घ्यायचं नाही तो."

शेंगा सोलणारा हात थांबला. शेंगांचं सूप त्यांनी बाजूला सारलं. मग त्या म्हणाल्या, "मेलेल्या मानसाले उन्हात काहून उभं केलं? ये म्हना आत."

हे आले. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, वीजकेंद्रात हाताखाली तीस माणसं, आणि दाराशी येऊन शाळेत उशीर झाल्यासारखा उभा. सासूबाईंनी जवळ बोलावलं. चेहऱ्यावरून हात फिरवला, कानशिलावरच्या पांढऱ्या केसांवर बोटं थांबली.

"म्हातारा झाला गा तू."

"हो."

"जेवला का?"

ह्यांनी मानेनंच नाही म्हटलं. सासूबाईंनी ओरडून सिंधूताईला हाक मारली, "सिंधू! भाकर टाक. माहा रुपा आला." ह्यांना वेगळ्या थाळीत वाढलं, ओसरीवर. मी ह्यांच्याकडे पाहिलं. बाबा, तुमचं पत्र ह्यांनी किती वेळा वाचलं असेल ते मला तेव्हा कळलं. थाळी पुसून जेवले. दुसऱ्यांदा भाकरी मागून घेतली. आतून सासूबाई विचारत होत्या, "तिखट पाह्यजे का? ठेचा दे त्याले."

बसस्टॉपवर मला म्हणाले, "तुझ्या बाबांना लिही, मी पुढच्या रविवारी परत जाणार आहे."

शामला

---

अचलपूर,
८ एप्रिल १९७०

चि. शामला,

तुझं पत्र तुझ्या आईनं उशीखाली ठेवलं आहे, वाचता येत नसूनही. रुपरावांना माझा सलाम सांग. आणि सांग की मी त्यांचा सासरा असलो तरी या बाबतीत ते माझे वडील आहेत.

एक प्रश्न विचारू नये, पण म्हाताऱ्याला राहवत नाही. आता तरी त्या तुझ्या हातचं पाणी घेतात का?

बाबा

---

नागपूर,
१० जून १९७०

तीर्थरूप बाबा आणि आई,

सासूबाई गेल्या, अठ्ठावीस मेला, सकाळी. तार केली होती ती मिळाली असेल. आता सगळं सविस्तर लिहिते.

मे महिन्याच्या उन्हानं त्या खचल्या. छातीत कफ भरला. डॉक्टर आणले, औषध दिलं, पण मला दिसत होतं. बातमी गेली तसे भाऊबंद जमले. त्यांचा पुतण्या नत्थूजी, जो त्यांचं वावर कसतो, तो बायकोला घेऊन आला. दहा महिन्यांत तिसऱ्यांदा. मला खाटेशी पाहून बाहेर न जाता तिथंच म्हणाला, "मोठीआई, हे काय करून ठेवलं? बाटलेल्या बाईले घरात घेतलं. लोक म्हनतात, तुले बी बाटवलं. उद्या तुह्या तेरवीच्या पंगतीले कोनी बसन का?"

हे पुढे सरसावले. मी डोळ्यांनी थांबवलं.

सासूबाई मला म्हणाल्या, "मले उठवून बसव."

मी म्हटलं, दम लागेल.

"बसव म्हनते ना."

मी त्यांना माझ्या खांद्याला टेकवून बसवलं. हाडंच उरली होती, पण मान ताठ. दोन-दोन शब्दांनंतर थांबत होत्या, तरी आवाज बाहेर अंगणापर्यंत गेला.

"नत्थू, जाय, माठ पाहून ये. तुळस पाहून ये. वर्ष होत आलं मले पडून. माह्या चुलीले परका हात नाही लागला. माह्या तुळशीचं पानी एक रोज नाही चुकलं. एकडाव हिच्या हातून भूल झाली, ते हिनं सोता येऊन मले सांगतली. कोनाले दिसली नव्हती. हे सारं कोनं सांभाळलं? तू? तुही बायको? जिचा देव येगळा, तिनं माहा देव सांभाळला. माहे सगे दारात येऊन नाक दाबून गेले, हिनं माही घान काढली अन् बदल्यात पानी पे असं बी नाही म्हटलं. बाटली असंन तं तिच्या घरी. माह्या घरी हे माही सून व्हय. सांग तुह्या लोकाईले."

अंगणातल्या बायांपैकी एकीनं पदर डोळ्याला लावला. नत्थूजी खाली बघत होता. मग पुढे होऊन त्यानं मोठीआईच्या पायांवर डोकं ठेवलं, ते मात्र मनापासून ठेवलं.

मग त्यांनी सगळं ठरवून दिलं, एखाद्या लग्नाची कामं वाटावीत तसं. "आग नत्थू देईन, रीत हाय. पयला खांदा रुपाचा." आणि माझ्याकडे वळून, "तुह्या देवाजवळ माहं नाव घेतं का तू?"

"रोज," मी म्हटलं. "मनात."

"घेत जा," त्या म्हणाल्या. "त्याले सांग, पोरगी चांगली धाडली."

तीन दिवसांनी, सकाळी, सिंधूताईनं तोंडात पाणी घातलं आणि त्या गेल्या. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यात आलं, बाबा. त्यांनी माझ्या हातचं पाणी शेवटपर्यंत घेतलं नाही. शेवटच्या घोटाच्या वेळी मी खाटेशीच होते, माठ चार हातांवर होता. मी धावत जाऊन सिंधूताईला बोलावून आणलं. धापा टाकत आम्ही दोघी दारात शिरलो तेव्हा त्यांचे डोळे उघडे होते. मला पाहून त्या हसल्या. मी माझ्या आयुष्यात इतकी ताठ मानेनं कधी उभी राहिले नसेन.

अंघोळ घालायची वेळ आली तशी मी बाजूला झाले. सिंधूताईनं मोठ्यानं विचारलं, "सून कुठं गेली? सासूले आंघोळ सून घालते." कोणी नाही म्हटलं नाही. ती पाठ मी शेवटची धुतली. एकही जखम नव्हती तिच्यावर. ह्यांनी खांदा दिला. तेरवीला ह्यांची पंगत वेगळी बसवली होती. नत्थूजी आपलं पान उचलून ह्यांच्या शेजारी येऊन बसला.

आता सकाळी जाग येते आणि कुठं जायचं ते सुचत नाही. मेट्रनबाईंनी बोलावलं होतं. वॉर्डाची जागा अजून रिकामीच आहे म्हणाल्या. हो म्हटलं.

शामला

---

अचलपूर,
१५ जून १९७०

माझी शामला,

काल माझ्या जागी आलेल्या नव्या पाळकांनी मला प्रवचनाला उभं केलं. मी देवळात शिरत होतो तर रंभाबाईंनी दारातच अडवलं. "पाळकसाहेब, अकरा महिने आम्ही प्रार्थना केली. त्या बाई शेवटी आपल्यात आल्या का?"

मी म्हटलं, आत चला, सांगतो.

प्रवचन लिहून नेलं होतं, ते उघडलंच नाही. मी सांगितलं, की ज्यांच्यासाठी आपण बुधवारमागून बुधवार गुडघे टेकले त्या रुखमाबाई वारल्या. त्या जशा होत्या तशाच वारल्या, आपल्या तुळशीसह, आपल्या माठासह. आणि त्यांची सेवा करणारीनं त्यांच्याकडून काही मागितलं नाही, त्यांचा विश्वासही मागितला नाही. मग मी माझ्या आईची गोष्ट सांगितली. थाळीची. घराबाहेर कोणालाही न सांगितलेली गोष्ट भरल्या देवळात सांगितली. मी म्हटलं, चाळीस वर्षं तुम्ही माझ्याकडून प्रेमाचा अर्थ ऐकलात. तो मला स्वतःला गेल्या वर्षी समजला, आणि शिकवणारी माझ्याहून वयानं पुष्कळ लहान आहे. आपल्यापैकी कोणाला खरंच प्रभूसारखं प्रेम करायचं असेल तर अट सोडावी लागेल, माणूस आपल्यासारखा व्हावा ही सुद्धा.

रंभाबाई पदराशी चाळा करत होत्या. मग त्यांनी मान वर केली आणि होकारानं हलवली. त्यांच्यासाठी ते फार झालं.

आपल्याच लेकीची व्यासपीठावरून स्तुती करणं मला बरं दिसेना, म्हणून मी अखेरपर्यंत "नागपूरची एक परिचारिका" एवढंच म्हणत होतो. समारोपाची प्रार्थना करायला मी डोळे मिटणार तेवढ्यात बायकांच्या बाजूला खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. तुझी आई उभी राहिली होती. लग्नाला एवढी वर्षं झाली, देवळात तिनं गाण्याखेरीज कधी तोंड उघडलेलं नाही. डोक्यावरचा पदर नीट केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाली,

"परिचारिका, परिचारिका काय लावलंय? नाव घ्या ना तिचं. आमची शामला म्हणा."

मी म्हटलं, शामला.

तुझा
बाबा